शंकापेटी : आठ की नऊ, आणि ठरवलं कोणी?

मागच्या अंकात शनीच्या कड्यांबद्दल लिहिताना ओघात ‘आपल्या सूर्यमालेतले आठ ग्रह’ असं लिहून गेले. कड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, पत्रं आली ती सगळी त्या ‘आठ’वर. कऱ्हाडला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते तेव्हाही हेच व्हायचं. कृष्णविवरावर तास घ्या, शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, “बाई, प्लूटोला का काढलं?” तेव्हा या महिन्यात बाकीच्या शंका बाजूला ठेवते.

बाई, आम्ही नऊ ग्रह पाठ केले, नातवाच्या पुस्तकात आठच आहेत. तो म्हणतो, शास्त्रज्ञांनी मतदान करून प्लूटोला काढलं. विज्ञानात मतदान कसं काय चालतं? उद्या बहुमताने चंद्रही काढाल! (एक आजोबा, सांगली)

मतदान झालं हे खरं. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या महासभेच्या शेवटच्या दिवशी. हातात पिवळी कार्डं घेऊन लोक बसले होते. प्लूटो हा बटुग्रह (गोल, पण ग्रहांच्या यादीत न बसणारा छोटा पिंड) आहे आणि नेपच्यूनपलीकडच्या एका नव्या वर्गाचा नमुना आहे, या ठरावाच्या बाजूने 237, विरोधात 157, तटस्थ 17. संघाचे सभासद तेव्हा नऊ हजारांच्या आसपास होते, आणि निकाल लावला सुमारे चारशे जणांनी, कारण बरेचसे तोवर सामान आवरून घरी निघाले होते. महासभांचं असंच असतं. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवा.

पण हात वर झाले ते कशासाठी, ते बघा. प्लूटो केवढा आहे, किती लांब आहे, त्याच्यावर कसला बर्फ आहे, यावर कोणी मत दिलं नाही. ते मोजून ठरतं. मत घेतलं ते कोणत्या यादीत त्याचं नाव घालायचं यावर. आणि हा वाद हौसेने उकरलेला नव्हता, कामकाज अडलं होतं. 2005 साली माइक ब्राउन, चॅड ट्रुहिओ आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांतून नेपच्यूनच्याही पलीकडचा एक पिंड जाहीर केला. आज त्याला एरिस म्हणतात. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे तो प्लूटोपेक्षा मोठा होता. (पुढे कळलं की व्यास प्लूटोपेक्षा किंचित कमी, पण वस्तुमान सव्वापट.) आता प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा. आणि नसेल तर? संघात ग्रहांची नावं ठरवणारी समिती वेगळी, लघुग्रहांची वेगळी. एरिसचं बारसं कोणी करायचं, यावरच गाडी अडली.

खरं सांगू का आजोबा, ग्रह यादीतून काढण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोला ज्युझेप्पे पियाझ्झीला मंगळ आणि गुरू यांच्या मधे सेरेस सापडला, आणि तो ग्रहांच्या यादीत गेला. पाठोपाठ पॅलस, जुनो, व्हेस्टा. तब्बल चार दशकं पुस्तकांतून हे चौघे ग्रह म्हणून छापले जात होते. तुमच्या-माझ्यासारख्याच कोणी आजोबांनी ते पाठही केले असतील. मग 1845 पासून तिथे एकेक नवा पिंड सापडायला लागला. 1851 संपेपर्यंत पंधरा झाले. ज्योतिर्विद कंटाळले आणि सगळ्यांना लघुग्रहांत टाकून मोकळे झाले. मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसनने 1861 मध्ये ‘एशिया’ शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला म्हणून हे नाव, तोवर असा शोध म्हणजे लघुग्रहांच्या यादीत एका क्रमांकाची भर एवढंच उरलं होतं. सेरेससाठी मतदान झालं नाही. दूरचित्रवाणी नव्हती, म्हणून कोणी रडलंही नाही.

प्लूटोची कुंडली अगदी अशीच आहे. क्लाइड टॉमबॉने तो 18 फेब्रुवारी 1930 ला अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत पकडला. हर्षलच्या (युरेनसच्या) गतीत काही गडबड दिसते, ती करणारा कोणी मोठा ग्रह पलीकडे असणार, असा पर्सिव्हल लॉवेलचा हिशेब होता. टॉमबॉ त्याच शोधात होता. म्हणून सापडलेला ठिपका सुरुवातीला पृथ्वीएवढा जड धरला गेला. नंतर जसजसं मोजमाप सुधारलं तसतसा प्लूटो आटत गेला. 1978 मध्ये जेम्स क्रिस्टीला त्याचा चंद्र शेरॉन सापडला. चंद्र सापडला की तो किती दिवसांत किती अंतरावरून फिरतो यावरून मालकाचं वजन काढता येतं. निघालं पृथ्वीच्या साडेचारशेव्या हिश्श्याएवढं. आपल्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याच्या जवळपास! आणि ज्या गडबडीमुळे शोध सुरू झाला ती गडबडच नव्हती. व्हॉयेजर-2 यान 1989 मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वजन नीट कळलं, आणि हर्षलचा हिशेब प्लूटोशिवाय जुळला.

तरीही तो एकटा असता तर नववा म्हणून राहिला असता, असं माझं मत आहे. पण 1992 मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना हवाईतल्या माउना केआवरून त्याच भागात आणखी एक पिंड सापडला, आणि मग रांगच लागली. आज त्या कायपर पट्ट्यातले हजारो माहीत आहेत. सेरेसचं जे 1850 च्या सुमारास झालं, ते प्लूटोचं 2006 मध्ये झालं. गर्दीत निघाला, एवढंच.

त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले, म्हणजे निकालानंतर तिसऱ्या दिवशी. आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी आरास म्हणून थर्मोकोलची सूर्यमाला केली होती, नऊ गोळे रंगवून वाळत घातले होते. शुक्रवारी पेपर आला आणि मुलं गोळा हातात धरून माझ्याकडे, “बाई, हा काढायचा का?” मी म्हटलं, गोळा राहू दे, पाटी बदला. आणि हिंमत असेल तर शेजारी एरिस आणि अलीकडे सेरेस लावा. एरिस लावला. सेरेसला थर्मोकोल उरलं नव्हतं.

ग्रहाची व्याख्या तीन अटींची आहे असं वाचलं : सूर्याभोवती फिरतो, गोल आहे, आणि कक्षेचा परिसर मोकळा केलेला आहे. तिसरी अट मला पटत नाही. गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत, पृथ्वीच्या वाटेत अशनी येतच असतात. मग गुरू आणि पृथ्वीही नापास नाहीत का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुणे)

शाब्बास. नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. अॅलन स्टर्न हाच आक्षेप घेतात, आणि ते काही कोणी सोमेगोमे नव्हेत, प्लूटोला गेलेल्या न्यू होरायझन्स मोहिमेचे प्रमुख. ते यान सुटलं जानेवारी 2006 मध्ये. सुटलं तेव्हा प्लूटो ग्रह होता, सात महिन्यांनी राहिला नाही.

आधी पहिल्या दोन अटी उरकते. सूर्याभोवती फिरायचं, म्हणजे कोणाचा चंद्र नसायचं. दुसरी गोलाईची. पिंड पुरेसा जड असला की त्याचं स्वतःचं गुरुत्व खडकाच्या ताकदीला हरवतं, उंचवटे ढासळतात, खड्डे भरतात, आणि तो जवळजवळ गोल होतो. वर्गात याला सगळे लाडूची उपमा देतात. मला ती कधीच आवडली नाही, कारण लाडू बाहेरून वळतात आणि ग्रह आतून ओढला जातो. नेमकी रेघ मात्र कुठे मारायची ते विचारू नकोस. बर्फ लवकर नमतो, खडक उशिरा. शनीचा बर्फाळ चंद्र मायमस जेमतेम 400 किलोमीटरचा असून गोल दिसतो; खडकाळ व्हेस्टा सव्वापाचशेचा असून वेडावाकडा. नेपच्यूनपलीकडच्या हौमियाची आणखी वेगळीच तऱ्हा. तो चार तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो आणि त्यापायी लांबट झालाय, तरी बटुग्रहांत गणला जातो. म्हणजे ‘गोल’ ही अट ऐकायला साधी आणि लावायला अवघड.

तिसरी अट उलटी आहे. ऐकायला अवघड, पण लावायला गेलास तर एकाही पिंडाबद्दल शंका राहत नाही. तिची शब्दयोजना मात्र भोंगळ आहे, हे कबूल. ‘मोकळा केला’ म्हटलं की झाडून-पुसून चकचकीत असं वाटतं. अभिप्रेत ते नाही. त्या पट्ट्यात सत्ता कोणाची, हा प्रश्न आहे.

न्यूयॉर्कच्या स्टीव्हन सोटर यांनी 2006 मध्येच हिशेब मांडला होता : ग्रहाचं वस्तुमान एकीकडे, त्याच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकीच्या सगळ्या ऐवजाचं दुसरीकडे, आणि भागाकार. पृथ्वीचा आकडा सुमारे 17 लाख. गुरूचा सव्वासहा लाख, तुझे सगळे ट्रोजन धरून! आठांत सगळ्यात कमी नेपच्यूनचा, तोही 24 हजार. आता खाली बघ. सेरेस : एक-तृतीयांश. एरिस : एक-दशांश. प्लूटो : त्याहून कमी. 24 हजार आणि एक-तृतीयांश यांच्या मधे कोणीही नाही. मी आयुष्यभर मुलांचे प्रयोगांचे आलेख तपासले. दोन गटांत इतकं स्वच्छ अंतर दिसलं की मी आधी आकडे बनवलेले आहेत का ते तपासायचे. इथे ते निसर्गाने दिलेत.

राहिले ट्रोजन. ते गुरूच्या वाटेत आडवे आलेले नाहीत. गुरूच्या 60 अंश पुढे आणि 60 अंश मागे अशा दोन जागांवर, गुरू आणि सूर्य यांच्या ओढीने ते सांभाळले जातात. ती गुरूची सत्ता मोडली नाही, सिद्ध झाली. नेपच्यूनचंही तसंच. ‘प्लूटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, मग नेपच्यूनचाही परिसर मोकळा कुठे?’ असं विचारतात. प्लूटोची कक्षा 17 अंश कललेली आहे, 1979 ते 1999 तो सूर्याला नेपच्यूनपेक्षा जवळ होता, सगळं खरं. पण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन, आणि ही ताल धरण्याची सक्ती प्लूटोवर आहे. त्यामुळे दोघं कधी एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. कोण कोणाच्या तालावर नाचतंय, हे एवढ्यावरून कळायला हरकत नाही.

आणि एक गंमत सांगते. ग्रहाची आपल्या पट्ट्यावर हुकमत असते की नसते, हे गणिताने वेगळं करायची रीत 2000 साली एका शोधनिबंधात मांडली गेली होती. लेखक दोन : हॅरॉल्ड लेव्हिसन आणि हेच अॅलन स्टर्न! त्यांचं म्हणणं असं की दोन्ही गट ग्रहच म्हणा, फक्त पोटभेद करा. प्रागमध्येही तसा ठराव आला होता. जोसेलिन बेल बर्नेल यांनी सभेत चक्क छत्री उघडून दाखवली : छत्री म्हणजे ग्रह, तिच्याखाली आठ मोठेही आणि बटूही. ठराव पडला. मला विचारशील तर छत्री वाईट नव्हती. पण मग आजोबांच्या नातवाला नऊ नव्हे, निदान तेरा नावं पाठ करावी लागली असती, आणि यादी दर थोड्या वर्षांनी वाढती. ‘नऊ’ हा आकडा कोणत्याच शहाण्या नियमातून निघत नाही. एकतर आठ, नाहीतर तेरा आणि पुढे.

तुझ्या तोंडावर येईल ते आधीच बोलते : पृथ्वी उचलून पार सूर्यमालेच्या टोकाला, ऊर्टच्या ढगात नेऊन ठेवली तर तिलाही पट्टा ताब्यात घेता येणार नाही, मग ती ग्रह राहणार नाही? नाही राहणार. त्यात मला काही विचित्र वाटत नाही. खगोलशास्त्रात एखादी वस्तू कुठे आहे आणि शेजाऱ्यांशी कशी वागते, हे तिच्या पोटात काय आहे याइतकंच महत्त्वाचं असतं. भूगर्भशास्त्रज्ञाला तसं वाटणार नाही, त्याला प्लूटोवरचं नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसतात, आणि त्याच्या दृष्टीने तो ग्रहच. न्यू होरायझन्सने 14 जुलै 2015 रोजी टिपलेली चित्रं बघितल्यावर त्याचं म्हणणं सहज झटकता येत नाही, हेही खरं.

गुरूचा चंद्र गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे ना? मग बुध ग्रह आणि गॅनिमीड फक्त चंद्र, हा अन्याय नाही का? (इयत्ता आठवी, लातूर)

मोठा आहेच. गॅनिमीडचा व्यास 5,268 किलोमीटर, बुधाचा 4,879. पण बुध लोखंडाने भरलेला, गॅनिमीडमध्ये निम्म्याच्या जवळपास बर्फ, त्यामुळे वजनाला गॅनिमीड बुधाच्या निम्माही नाही. तरी तुझा प्रश्न उरतोच. तो फिरतो गुरूभोवती, म्हणून पहिल्याच अटीत बाद. एके काळी मात्र चंद्रांनाही ग्रह म्हणत. कॅसिनीने 1673 मध्ये शनीचे दोन चंद्र जाहीर केले ते ‘दोन नवे ग्रह’ म्हणूनच.

तुझ्यासाठी एक कोडं. प्रागमध्ये सुरुवातीला जो मसुदा आला होता, त्यात ग्रह बारा होत होते : सेरेस, एरिस आणि शेरॉनसुद्धा! शेरॉन का? कारण प्लूटो आणि शेरॉन ज्या बिंदूभोवती फिरतात तो बिंदू प्लूटोच्या पोटात नाही, बाहेर मोकळ्या जागेत आहे. म्हणून ते जोडग्रह. आता पृथ्वी आणि चंद्र बघ. त्यांचा असा बिंदू पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली सुमारे 1,700 किलोमीटरवर आहे. पण चंद्र दर वर्षी जवळपास 3.8 सेंटीमीटर लांब जातोय. चंद्र जितका लांब, तितका तो बिंदू वर येणार. म्हणजे तो मसुदा टिकला असता, तर अब्जावधी वर्षांनी चंद्र एका रात्रीत ग्रह झाला असता. किती अंतरावर गेल्यावर तो बिंदू बाहेर पडेल, हे तूच काढ. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या 81 व्या हिश्श्याएवढं, पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. उत्तर पाठव.

आमच्या नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत. प्लूटो मुळात नव्हताच. मग प्लूटो गेल्याने पत्रिकेत काय फरक पडतो? (एक गृहिणी, फोंडा)

तुम्हीच उत्तर दिलंत. नवग्रहांना काहीच फरक पडत नाही, ते वेगळ्या हिशेबाने मोजले होते. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकतं ते ग्रह : सूर्य सरकतो, चंद्र सरकतो, डोळ्यांना दिसणारे पाच सरकतात. राहू-केतू तर पिंडही नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, आणि ते 18.6 वर्षांत एक उलटी फेरी मारतात. ग्रहणं वर्तवायला त्यांची गरज होती, आणि बिंदू असूनही त्यांची गणितं आपल्या लोकांनी चोख केली होती. पृथ्वी मात्र या यादीत नाही, कारण आपण तिच्यावर उभे. पत्रिकेत प्लूटो घालणारे मला भेटलेत. सापडल्याला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला 248 वर्षं लागतात. त्याची फळं कोणी कधी पडताळून पाहिली, हे त्यांनाच विचारा.

व्याख्येत ‘सूर्याभोवती’ असं आहे. मग इतर ताऱ्यांभोवती सापडलेले ग्रह ग्रह नाहीत? (संगणक अभियंता, न्यू जर्सी)

अक्षराला धरून बसलात तर नाहीत. 2006 चा ठराव आपल्या सूर्यमालेपुरताच आहे, आणि त्यातली ही सगळ्यात मोठी उणीव. बाहेरचे ग्रह आता सहा हजारांच्या पुढे गेलेत. 1992 मध्ये वोल्श्चान आणि फ्रेल यांना एका स्पंदकाभोवती (ठरावीक ठोक्यांनी रेडिओलहरी पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती) सापडले, 1995 मध्ये मेयर आणि केलो यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, आणि त्याबद्दल 2019 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी संघाने प्रत्येक देशाला एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याचं नाव झालं ‘बिभा’, बिभा चौधरींवरून, ज्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होत्या. ग्रहाचं नाव ‘संतमस’. तो बिभाभोवती दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळात फिरतो. म्हणजे ज्या संघाच्या व्याख्येप्रमाणे तो ग्रह नाही, त्याच संघाने त्याचं बारसं करवून घेतलं. सरकारी कामकाजात मुरलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

बाहेरच्यांसाठी वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे. वरची मर्यादा गुरूच्या 13 पट वस्तुमानाची; त्यापुढे पोटात ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) जळायला लागतो आणि पिंड तपकिरी बटूंत, म्हणजे तारा होता होता राहिलेल्यांत, जमा होतो. गोलाई तपासायची तर तिथे सोय नाही, ठिपकाही धड दिसत नाही. म्हणून 2024 मध्ये ज्याँ-लुक मार्गो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सुचवलं की सूर्य हा शब्दच काढा आणि निव्वळ वस्तुमानावर जा. त्यांची खालची मर्यादा, एकावर तेवीस शून्यं इतके किलोग्रॅम, बुध आरामात ओलांडतो आणि प्लूटो सात-आठ पट कमी पडतो. मला हे आवडलं, कारण ती मर्यादा हवेतून आलेली नाही. आपला पट्टा ताब्यात घ्यायला साधारण किती वजन लागतं, त्यावरून ती काढली आहे. ठराव अजून व्हायचाय. संघाला घाई नसते.

प्लूटो दुर्बिणीतून दिसतो का? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

माझ्या गच्चीवरच्या सहा इंचीतून नाही. त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका पिंड अंधुक) 14 च्या पुढे आहे. बारा इंची आरसा, शहरापासून लांबची काळोखी जागा आणि अमावस्येच्या आसपासची रात्र असेल तर ताऱ्यासारखा ठिपका दिसतो. सध्या तो मकर तारकासमूहात आहे आणि इतका सावकाश चालतो की पुढची बरीच वर्षं तिथेच असेल. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर आकाशात असतो, पण आपल्याकडे नेमका तेव्हा पाऊस. ऑक्टोबरात संध्याकाळी बघा. तोच तो हे पटवायचं तर तीन-चार रात्रींच्या अंतराने दोन फोटो काढा आणि कोणता ठिपका सरकला ते शोधा. टॉमबॉनेही हेच केलं होतं, 23 आणि 29 जानेवारीच्या काचपट्ट्या आलटून पालटून बघत. एवढी साधनं नसतील तर सेरेस शोधा. सूर्यासमोर आला की प्रत सातच्या आसपास जाते, साध्या द्विनेत्रीतून सापडतो. तारखा पुढच्या अंकात देते.